जोडीचं पुस्तक

शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी रोजच्यासारखीच खडी फोडली. सुट्टी झाल्यावर तिनं हातोडा पाटीत टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून मला हाक मारली, "अहो व्हिलन, चला आता! ऊन कललं."

जुनी माणसं हसली. नवा आलेला मुकादम मात्र दचकला. आपल्या नवऱ्याला चारचौघांत व्हिलन म्हणणारी बाई त्यानं पाहिली नसावी. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी घरी हिला रोज मारतो.

"तसं बघू नगा," ती त्याला म्हणाली. "तुमचा व्हिलन सिनेमातला. त्यो काल-परवाचा. मुळात व्हिलन म्हंजी शेतावर राबनारा गडी, गावचा मानूस. पुढं शहरातल्या लोकांनी त्याला बदमाश केला. आमचं ह्ये जुन्या सालातलं व्हिलन हायेत."

मुकादम म्हणाला, "आसं व्हय?" आणि हजेरीचं मस्टर काखेत मारून लांब झाला. जाता जाता त्याला आणखी एक मिळालं. "आन त्ये मस्टर जपून धरा हो! मस्टर आन मॉन्स्टर एकाच घरातलं हायेत. दोघांचंबी काम, दाखवायचं आन भ्या घालायचं!"

ही माझी बायको. शेवंता. गाव तिला इंग्लिस वैनी म्हणायचं.

बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. कुणी 'अहो' म्हणते, कुणी 'कारभारी', कुणी 'पोरीचा बा'. हिनं व्हिलन निवडलं. माझी आई जिवंत होती तोवर तिला वाटायचं, हे इंग्रजीत देवाचं नाव असणार. आई समाधानात गेली.

मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला हे सगळं थेर वाटायचं. पण चाळीस वर्षं एका माणसाशेजारी काढली की त्याच्या थेरातही काहीतरी आहे हे ध्यानात येतं. मोठ्या देवळात गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो ना, तसं मला पुढं पुढं तिच्या शब्दांपाशी व्हायला लागलं.

तिचे वडील नगरला पुस्तकं बांधायचे. पुठ्ठा, सुई, दोरा आणि खळ, एवढ्यावर त्यांचं घर चाललं. छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबानं त्यांच्याकडे शब्दकोशाचे दोन जाड भाग बांधायला टाकले. पहिला भाग तयार झाला तो नेला. दुसरा न्यायच्या आधी साहेबाची बदली झाली. परत कुणी आलंच नाही. मिशनच्या शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत गेलेल्या या पोरीनं तो दुसरा भाग धरला, तो सोडलाच नाही. लग्नात सासऱ्यांनी मला विचारलं, "भांडी देऊ का आनखी काय देऊ?" ती आतून म्हणाली, "पुस्तक द्या." मी म्हटलं, भांडी परवडली असती.

तर तिच्याकडे इंग्रजी भाषा निम्मीच होती. एमपासून पुढची. त्याच्या अलीकडचा शब्द कुणी विचारला, की ती हात झटकायची. "पहिल्या भागात असंल. त्यो साहेबानं नेला." कितीतरी गोष्टी त्या साहेबानं नेल्या होत्या. काउ, बुलक, फादर, डॉटर, गॉड. बहात्तरच्या आधीच्या एका दुष्काळात विहिरी खडखडीत झाल्या, माणसं सैरभैर झाली, तेव्हा कुणीतरी तिला दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. म्हणाली, "ड्राउट म्हना, फॅमिन म्हना, दोन्ही पहिल्या भागात. माझ्या पुस्तकात दुष्काळच न्हाई." मग म्हणाली, "पाऊस हाय. पानीबी हाय."

शब्द हातात आला, की ती म्हणायची, "थांबा, दात बघू द्या त्येचं." आपण बाजारात बैलाचं तोंड उघडून वय सांगतो, तशी ती शब्दाचं वय सांगायची. हा किती जुना, आधी कुणाच्या दावणीला होता, कुणी त्याला राबवून राबवून त्याची चालच बदलली. रोड म्हणजे आधी रस्ता नव्हताच, घोड्यावर बसून जाणं म्हणजे रोड. मिनिस्टर म्हणजे आधी चाकर. सिली म्हणजे आज खुळा, पण पूर्वी ज्याच्यावर देवाची कृपा आहे असा माणूस. "मंग त्येला खुळा कुनी केला?" मी विचारलं. म्हणाली, "ज्येंच्यावर कृपा नव्हती त्येंनी."

बहात्तरच्या दुष्काळी कामावर तिला रस्ताभर ऐकणारे मिळाले. आमच्या गावापासून दक्षिणेला सडकेचं काम निघालं होतं. दुपारी सुकडी वाटली जायची. पहिल्याच दिवशी तिनं बायांना सांगितलं, सॅड म्हणजे आता दुःखी, पण मुळात सॅड म्हणजे पोट गच्च भरलेला. बायांना ते फार पटलं. शेजारची रखमा रोज सुकडी खाऊन हात चाटत म्हणायची, "आज म्या लई सॅड झाले बाई!" दुसरी म्हणायची, "मला अर्धीच सॅड केली मेल्यानं, वाढताना हात आखडला." अख्खं काम दुपारी सॅड व्हायचं आणि हसत हसत हातोडे उचलायचं.

एक तरुण ओव्हरसियर होता, चांगल्या घरचा, गोड बोलणारा. तिचा खडीचा ढीग बघून म्हणाला, "व्हेरी नाइस, आजी!" हिनं हातोडा खाली ठेवला.

"कुठल्या सालातलं नाइस?"

"म्हणजे?"

"जुन्या सालातलं नाइस म्हंजी अडानी. मंग फाजील चोखंदळ. मंग कुठं चांगलं. तुमी मला कुठलं म्हनला?"

त्या पोराच्या कपाळाला घाम आला. "आजच्या सालातलं, आजी."

"मंग बसा. च्या घ्या."

चहा होता कुठं? पण तो बसला. पुढं काम सुटेपर्यंत तो तिच्या ढिगापाशी आला की लांबूनच म्हणायचा, "आजच्या सालातलं नाइस!"

आता मुख्य गोष्ट सांगतो. तिला आयुष्यात एकच हाव होती, पहिला भाग. लुगडं मागितलं नाही, डोरल्यात भर मागितली नाही. लेक तिसगावला दिली, तिच्या घरी जायचाही हट्ट कधी केला नाही. पण कुणी नगरला निघालं की म्हणायची, "रद्दीवाल्याकडं नदर टाका बरं का." लोक हो म्हणायचे आणि विसरायचे. मी विसरत नव्हतो, पण मला ओळखायचं कसं ते कळत नव्हतं.

बहात्तरच्या आदल्या वर्षी माझा एक बैल गेला. उरलेल्याला जोड बघायला मी नगरच्या बाजारात गेलो. बैलाची जोड बघणं सोपं नाही. उंची एक पाहिजे, रंग एक पाहिजे, शिंगांचा बाक एक पाहिजे. दिवसभर फिरलो, मनासारखा मिळाला नाही. परतीच्या वाटेवर एका रद्दीच्या दुकानाबाहेर ढिगात एक पुस्तक दिसलं आणि माझे पाय थांबले. तोच जाडपणा. तोच तपकिरी रंग. पाठीवर तसलीच सोनेरी अक्षरं, आणि त्यांच्याखाली तशाच दोन उभ्या काठ्या. घरचं पुस्तक मी चाळीस वर्षं उचलून ठेवत आलो होतो, मला ते अंधारात हातानं कळलं असतं. मी वीत लावली. उंची तीच. बोटं लावली. जाडी तीच. केसाचा फरक नाही. जोड अशी असावी!

रद्दीवाला म्हणाला, "बाबा, इंग्लिश आहे ते."

म्हटलं, "ठाऊक हाय. मला काय अडानी समजतो?"

एसटीत ते मी उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. शेजारच्यानं विचारलं, "पोथी काय?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

घरी आलो. ती शेंगा निवडत होती. मी पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं पाठीवरून हात फिरवला. उघडलं. पहिलं पान बघितलं. मग घरातलं आपलं पुस्तक आणून शेजारी ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागली. हसली, हसली, पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसायची थांबेना. आनंद झाल्यावर माणूस इतकं हसतं हे मला ठाऊक नव्हतं. मलाही हसू आलं.

"बरूबर हाय न्हवं?" मी विचारलं.

"आगदी जोडीचं हाय," ती म्हणाली.

"पहिला भाग?"

तिनं डोळे पुसले. "व्हय," म्हणाली. "पहिला भाग."

दुसऱ्याच दिवशी तिनं जुन्या लुगड्याचं कापड काढून दोन्ही पुस्तकांना गवसण्या शिवल्या. बाइंडरचीच पोर ती. जुन्या भागाला हिरवी, नव्याला लाल. लाल पुस्तकाला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. म्हणायची, पानं सुटायला आलीत.

त्या लाल पुस्तकानं तर मला वेडच लावलं. हिरव्यातले इंग्रज जरा लांबचे वाटायचे, घोड्यावरचे, राजेरजवाड्यांचे. लाल पुस्तकातले इंग्रज आमच्या कर्जत तालुक्यातलेच वाटायचे. मी एकेक शब्द लोकांना विचारून तोंडपाठ करून आणायचो, ती पुस्तक मांडीवर उघडून सांगायची. वाचताना पानाकडे कमी आणि समोर जास्त बघायची. मला वाटायचं, पाठ झालंय.

फॅमिन? "ज्या साली पाव्हना दारावरनं मान खाली घालून जातो, का तर ह्येंना च्याला बोलवायची आडचन नगं, त्ये साल."

हंगर? "शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येनं."

क्लार्क? "जो मान वर न करता 'उद्या या' म्हनतो त्यो."

"ह्ये जुन्या काळापासनं?" मी विचारलं.

"ह्येच्यात काय बदललं न्हाई," ती म्हणाली.

मी थक्क व्हायचो. इतक्या लांबचे लोक, समुद्रापलीकडचे, आणि त्यांना भाकरीचा आवाज ठाऊक! रखमाचा नवरा म्हणाला, इंग्रज भाकरी खात नाहीत. मी त्याला झापलं. "पुस्तकात हाय का तुझ्या तोंडात हाय?"

एकदा मी डेथ विचारलं. तिनं पानं चाळली आणि म्हणाली, "त्ये पान वाळवीनं खाल्लंया." मला बरंच वाटलं. लव्हपण त्याच भागात असतं म्हणे. ते विचारायचं मला या वयात धाडस झालं नाही.

पण हजबंड विचारलं. वाइफ तिनं मला पूर्वीच सांगितलं होतं हिरव्यातून. वाइफ म्हणजे मुळात नुसती बाई, कुठलीही, लग्नाची असो नसो. मला ते जरा कमीच वाटलं होतं. म्हणून एकदा कामावर जाताना, तिच्याजवळ पुस्तक नसताना, विचारलं, "मंग हजबंड म्हंजी नुसता बाप्या का?"

इथं आमच्या चालण्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या मागून चालते. पण माझा डावा कान विहिरीत सुरुंग उडाला तेव्हा गेला. मागून बोललेलं मला ऐकू येत नाही, डावीकडून तर नाहीच. म्हणून ती माझ्या उजव्या अंगाला चालायची, बोलत बोलत. गावातली म्हातारी माणसं नावं ठेवायची, बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला असावी, ह्यांचं सगळंच उलटं. ती म्हणायची, "त्या अंगाला कान न्हाई, मी काय करू?"

तर मी हजबंड विचारलं. ती नुसती रस्त्याकडे बघत चालली. मग म्हणाली, "हजबंड म्हंजी जो उन्हाच्या अंगानं चालतो त्यो. म्हंजी त्येची सावली बाईवर पडती."

मी म्हटलं, "विलायतेत तर ऊन नसतं म्हनत्यात."

"म्हनूनच त्येंनी त्येला येगळा शब्द केला," ती म्हणाली. "आपल्याकडं रोज पडतंय, कोन ध्यानात घेतंय?"

मला ते फार मोठं वाटलं. दिवसभर खडी फोडताना मी मनात तेच घोळवत होतो. कसले लोक, म्हटलं. राज्य उगीच नाही केलं.

त्या शेवटच्या संध्याकाळीही आम्ही तसेच परत आलो. मुकादमाच्या दचकण्यावर ती वाटभर हसत होती. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मिरजगावच्या डॉक्टरांचं औषध आणलं, लेक तिसगावहून आली, पण आठवडाही निघाला नाही. ती गेली त्या दिवशी कामावर सुकडी वाटली, पण रखमानं सांगितलं, "बापू, आज कुनीबी सॅड झालं न्हाई."

तेरावा झाला. लेक सासरी गेली. मग एका संध्याकाळी मिरजगावच्या हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर भेटायला आले. ते मधून मधून तिच्याकडे यायचे आणि दोघं एखाद्या शब्दावरून भांडायचे. मी त्यांच्यापुढे दोन्ही पुस्तकं ठेवली.

"मास्तर, मला ह्येचा काय उपेग? साळंसाठी न्या. दोन्ही भाग हायेत. लोकांना दुसराच ठाऊक व्हता, पहिला म्या आनला."

मास्तरांनी हिरवी गवसणी काढली. मग लाल काढली. दोन्ही पुस्तकं उघडून शेजारी ठेवली. पानं पुढं-मागं केली. मग दोन्ही पाठी माझ्याकडे केल्या आणि त्या दोन काठ्यांवर बोट ठेवलं.

"बापू, ही काठी म्हणजे एक. दोन काठ्या म्हणजे दुसरा भाग. हे दोन्ही दुसरेच भाग आहेत. एकच पुस्तक आहे हे, दोनदा."

"आसं कसं? नीट बघा. हंगर बघा. फॅमिन बघा."

"ते शब्द यात नाहीत."

"क्लार्क?"

"नाही."

मला रद्दीवाल्याचा ढीग आठवला. त्यात एका काठीचं पुस्तकही होतं. मी हातात घेतलं होतं ते. दोन काठ्या म्हणजे जोडी, आणि एका काठीचं एकटं पुस्तक घरी नेऊन काय करायचं, म्हणून मी माझ्या हातानं ते परत ढिगात टाकलं होतं.

"तिनं मला सांगितलं का न्हाई?" मी म्हटलं.

मास्तरांनी लाल गवसणी परत पुस्तकावर चढवली. मला ती पदर तोंडात कोंबून हसताना दिसली. चाळीस वर्षं वाट बघितलेली वस्तू दारातून आत आली नाही, आणि ती बाई हसत होती. मग तिनं निम्मी इंग्रजी भाषा स्वतःच्या पदरची घातली. रोज. मी विचारीन तेवढी.

मास्तर म्हणाले, "बापू, तुम्हाला ते शब्द पाहिजेत तर मी शाळेतल्या कोशात बघून सांगतो. हंगर, फॅमिन, आणखी काय?"

"आनखी हजबंड," मी म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं. मग म्हटलं, "नगं. ऱ्हाऊ द्या. ज्येचं दात तिनं बघितलं, त्ये आता दुसऱ्याला कशाला दाखवायचं."

त्यांनी एक पुस्तक नेलं. लाल गवसणीचं मी ठेवून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. मी तिच्या डाव्या अंगानं चालायचो ते कानामुळं. सकाळी दक्षिणेला जाताना ऊन डावीकडून येतं, संध्याकाळी परतताना पुन्हा डावीकडूनच येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सावली तिच्यावर पडत होती ती आपोआप. माझ्या बहिरेपणाला तिनं एवढा मोठा अर्थ लावला होता, आणि तो मी इंग्रजांच्या नावावर जमा करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बऱ्याच दिवसांनी कामावर निघालो. एक भाकरी बांधून घेतली, एक हातोडा घेतला. आता रस्ता सगळा माझाच होता. कुणाचं ऐकायचं नव्हतं, कुठल्याही अंगानं चाललो असतो तरी चाललं असतं. कडेला बाभळींची थोडी सावली होती. मी उन्हाच्या अंगाला झालो आणि उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून कामापर्यंत तसाच चालत गेलो.